घोंगड्याला पाणी दाखवणं

अप्पा,

सात मागांपैकी चार बंद पडलेत. उरलेल्या तिन्हीवर माणसं येऊन बसतात, पण नुसती बसतात म्हणावं एवढंच. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि तुमच्या छपरीची ही गत झाली. आपला मामा, आईचा सख्खा भाऊ, सगळ्यांत पक्क्या हाताचा विणकर, गेल्या साली निजामाच्या सरहद्दीपल्याड सोलापूरला गिरणीत गेला. परवा औरादच्या बाजारात त्याचा निरोप मिळाला. गिरणीत जीव रमंना म्हणतो. भाच्यानं स्वतःच्या हातानं लिहून बोलावलं तर येतो, न्हाईतर न्हाई. तो आला तर बाकीचे थांबतील. नाही आला तर संक्रांतीपर्यंत तेही वाटेला लागतील, हे मला स्पष्ट दिसायलंय. तीन दिवस झाले, दौत-कागद घेऊन बसतो आणि उठतो. फार थकलोय, अप्पा.

बाजाराच्या आदला दिवस आठवतो. दुपार कलली की माग थांबायचे. चिंचोक्याची खळ दिलेलं, वाळलेलं नवं घोंगडं बाहेर यायचं. तुम्ही आधी त्यावर तळहात फिरवायचात, आडवा, मग उभा, डोळे भलतीकडंच. मग चौघं चार कोपरे धरतात, ज्यानं विणलं तो खाली मांडी घालून बसतो, आणि तुम्ही वरून घागर ओतता. पाणी मधे तळ्यासारखं साचतं. खालचा कोरडा राहिला तर कुणी काही बोलत नाही, घोंगडं बाजारात जातं. डोक्यावर धार लागली की मात्र सगळी छपरी हसते, आणि तुम्ही आपला पटका सोडून त्याचं डोकं पुसता. घोंगड्याला पाणी दाखवणं म्हणायचो आपण त्याला. एकदा मामा भिजला. मी बिदरच्या सरकारी मदरशातून सुट्टीला आलेलो, मीही खदखदून हसलो. तुम्ही घागर खाली ठेवलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "त्येनं इनलंय म्हणून तो भिजलाय. तू कामून हसायलास?" मी मान खाली घातली ती संध्याकाळपर्यंत वर केली नाही. मग तुम्ही मामाजवळ बसलात. "इथनं हात सैल पडलाय, चार बोटं. घरात कोन आजारी हाय?" मामाची थोरली पोरगी तापानं फणफणली होती, तीन दिवस. त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. तुम्ही त्याला त्याच पावली घरी पाठवलंत.

तुमच्यामागं छपरी माझ्याकडं आली आणि मी पहिलं काम काय केलं, तर पाणी दाखवणं बंद केलं. पिकल्या मिशांच्या माणसांना जत्रेतल्यासारखं भिजवायचं, हे बरं दिसतं का, असं मी म्हणालो. तिकडं विलायतेत लढाई सुरू झालेली, शहराचा ठेकेदार पलटणीसाठी लांबी-रुंदी मोजून सगळा माल उचलायचा, पाणी कोण विचारतो, असंही म्हणालो. "माझा तुमच्यावर भरोसा हाय," म्हणालो. सगळे खूश झाले. मामा तेवढा उठून मागाकडं गेला.

बिघडायला लागलं ते मला कळलंच नाही, कारण भांडणं थांबली होती आणि भांडणं थांबली म्हणजे चांगलं चाललंय असं मी धरून चाललो. तुमच्या वेळी लोकरीवरनं रोज कटकट. ही जाडीभरडी मला नको, ती काळी मला दे, ह्या सुताला पीळ न्हाई, परत दे कातणाऱ्या बाईला. आता जी पुढ्यात टाकली ती घ्यायचे. ओळ अर्धी असताना धोटा टाकून उठायचे. मी विचारलं काही अडचण आहे का, तर "न्हाई जी, कशाची अडचन?" एवढंच. जी म्हणायला लागले मला, अप्पा, ज्यांच्या मांडीवर मी वाढलो ते. मग मी अमावास्येची सुट्टी पुरी केली. गूळ-फुटाणे आणले. त्यानं काही होईना तेव्हा चिडलो, छपरीच्या दाराला रुळाचा तुकडा टांगला आणि टोल द्यायला लागलो. माणसं टोलावर यायची आणि टोलावर जायची, अगदी बिनचूक. मग कुणीतरी सांगितलं की माणसाचं कौतुक करावं, तर रोज फिरून प्रत्येकाला शाबास म्हणायला लागलो. वाकड्या काठाच्यालाही शाबास. काय काय करून पाहिलं नाही मी.

गेल्या साली पावसाळ्यात एक धनगर दारात आला आणि ओलं घोंगडं माझ्या पायाशी आपटलं. रानात झड लागली, म्हणाला, दोन कोकरं ह्याच्याखाली घेऊन बसलो, रातभर गळत ऱ्हायलं, दोन्ही गारठून मेली. "तुमच्या बापाच्या छपरीचं म्हून डोळं झाकून घेतलं व्हतं." आवाज चढवला नाही त्यानं. मी आत वळून विचारलं, हे कुणाचं. सातही माग थांबले. मामा म्हणाला, "माझंय." त्याच्या तोंडावर लाज नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. मला त्याची भीती वाटली.

धनगराला दुसरं घोंगडं देऊन वाटेला लावलं आणि मामाला बाहेर लिंबाखाली नेलं. "कामून असं केलंत मामा?"

"तू बघत न्हाईस म्हून," मामा म्हणाला. "येकदा मुद्दाम सैल इनलं. म्हणलं, बघू तरी, वरडतोय का. तू शाबास म्हणलास. परत इनलं, परत शाबास. मग मीबी बघायचं सोडलं. कुनासाठी बघायचं?"

मी म्हणालो, उद्यापासून पाणी दाखवू, पहिल्यासारखं. तो हसला, वाईट हसला नाही. आत जाऊन दोन घोंगडी आणली, माझ्या मांडीवर ठेवली. "पानी ऱ्हाऊ दे. भावजी आधी हात फिरवायचे, मग घागर. तू हात फिरव. ह्यातलं चांगलं कोंचं, तेवढं सांग."

मी हात फिरवला. मग म्हणालो, आता फुरसत नाही मामा, ठेकेदाराचा माणूस यायचाय. कुणीही यायचं नव्हतं. मामानं दोन्ही घोंगडी उचलून घेतली, घड्या घातल्या आणि आत गेला. पुढच्या आठवड्यात तो सोलापूरला गेला, त्याच्यामागं आणखी तिघं.

पाणी दाखवणं मी त्यांच्या पिकल्या मिशांसाठी बंद केलं नव्हतं, अप्पा. ते चालू ठेवायचं तर मला सगळ्यांसमोर तळहात फिरवून बोलावं लागलं असतं, आणि माझ्या हाताला दोन्ही घोंगडी सारखीच लागतात. तेव्हाही लागत होती, आजही लागतात. मी फारसी शिकलो, अर्ज लिहायला शिकलो, आणि तुम्ही गेलात तोवर मागावर एकदाही बसलो नाही. माणसं कामातनं का उठली हे मी इतकी वर्षं दुसऱ्याच जागी शोधत राहिलो, कारण तिकडं शोधणं सोपं होतं. आता वाटतं, त्यांना न बघणारा मालक चालला नाही, पण काम न येणारा चालला असता. म्हणाले असते, ये, बस, दावतो. तीस-पस्तीस वर्षांच्या घोड्यालाही दावलं असतं त्यांनी, हसत हसत.

मामाला दोनच ओळी लिहायच्या आहेत. मला घोंगडं कळत नाही, मामा. या आणि मला मागावर बसवा. तीन दिवसांत त्याच्या कागदावर 'मामास साष्टांग नमस्कार' याच्यापुढं माझा हात गेलेला नाही. तुम्हाला मात्र सगळं सरळ लिहून टाकलं, कारण तुम्ही वाचणार नाही.