बिननावाच्या राजाची एकेचाळीस नाणी

मी, सुचित्रा यज्ञेश्वर मुळावकर, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, राहणार वणी, जिल्हा यवतमाळ, कुलदेवतेला स्मरून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. चिरंजीव अवधूत याला शंका येईलच, म्हणून डॉ. उत्तमसिंग चव्हाण यांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर ह्यांनी माझ्या नावे केले होते. ते अवधूतला द्यावे. परंतु ह्यांची तेरवी होताच त्याने फाटकावरची वडिलांच्या नावाची पाटी उतरवून स्वतःची पितळी पाटी ठोकली. जुनी पाटी माझ्या पलंगाखाली आहे. ती पुन्हा फाटकावर लागलेली डॉ. चव्हाण यांनी स्वतः पाहावी, मगच किल्ल्या द्याव्या.

२. बायझंटाईन राज्याची, हजारेक वर्षांपूर्वीची, येशू ख्रिस्ताची प्रतिमा असलेली काशाची नाणी, एकूण एकेचाळीस. पहिले ह्यांनी नागपूरच्या प्रदर्शनातून आणले. दाढी पाहून मी ऋषी समजले आणि देव्हाऱ्यात ठेवून गंध लावले. खरे कळल्यावरही काढले नाही. देवाला उठ म्हणणारी मी कोण? पुढची चाळीस आम्ही दोघांनी एकेक करून पोस्टाने मागवली. पावत्या बिस्किटाच्या डब्यात आहेत.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये चिंचेने घासून ताटात मांडतात. मागल्या दिवाळीत मी आंघोळीला गेले तेवढ्यात सूनबाई गुंजनने माझी सात नाणी घासली. हजार वर्षांचा हिरवा थर आणि त्याबरोबर देवाचे नाकडोळे मोरीत गेले.

"आई, पाहा, कसे चकाचक करून देल्ले!"

"कायले घासले?"

तिने अवधूतकडे पाहिले. तो म्हणाला, "मीच सांगतलं. चमकले त भाव येईन. तुले काय करायचं त्या येशूचं? तू त रामरक्षा म्हणते."

 त्याचे उत्तर आज देते.

३. न घासलेली चौतीस नाणी घड्याळवाले शब्बीरभाई यांची मुलगी नाहिद, इतिहासाची शिक्षिका, हिला द्यावी. वडिलांचे भिंग डोळ्याला लावून तिनेच मला त्यावरची ग्रीक अक्षरे वाचून दाखवली: "येशू ख्रिस्त, राजांचा राजा." म्हणाली, "आजी, हे त आमचे ईसा पैगंबर. अन् राजाचं नाव कुठंच नाही, पाह्यलं का?" त्या राजाने नाण्यावरून स्वतःचे नाव आणि चेहरा काढून देवाचे घातले. माझ्या मुलाने बापाचे काढून स्वतःचे घातले.

"मुसलमानाच्या घरी काहून?" असे विचारणाऱ्या नातलगांनी आधी एक नाणे वाचून दाखवावे.

४. माझ्या दोन पाटल्या गुंजनला. घासायच्याच तर ह्या घासाव्या.

५. घासलेली सात नाणी अवधूतला. विकू नयेत अशी अट घालत नाही, कारण ती आता कोणी घेणार नाही. जिथे देवाचा चेहरा होता तिथे त्याला आपला दिसेल इतकी ती लखलखीत आहेत.

६. माझ्या नावाची पाटी, फोटो, देणगीचा दगड काहीही कुठे लावू नये. इथेही लिहिले नसते. कायद्याला लागते म्हणून लिहिते.

सुचित्रा यज्ञेश्वर मुळावकर

आम्हा दोघांसमक्ष सही केली:
१. डॉ. उत्तमसिंग चव्हाण, वणी
२. धावजी राठोड, निवृत्त पोस्टमन, वणी (सगळी पाकिटे यांच्याच हातून आली, एकही हरवले नाही)

वणी, दि. ९ फेब्रुवारी २०२४