रस्त्याकडची खिडकी

३ मार्च
नोकरी लागली, खोलीही मिळाली. आज मी राजा! चाळीस वर्षांपूर्वी युद्धात माघारी निघालेल्या लष्करी ताफ्यावर या गावच्या वळणावर हल्ला झाला. गाव म्हणतं, पहिली गोळी सैनिकांनी झाडली. वाचलेले सैनिक म्हणतात, आम्हाला वाट देण्याचा शब्द दिला होता. दोघं भांडोत बापडे. मी फक्त चौकशी समितीचा अहवाल टाइप करायचा. घरमालकीण बाईंना सगळे मावशी म्हणतात. माणूस लाख मोलाचं, पण अट विचित्र: रस्त्याकडच्या खिडकीत कपडे वाळत घालायचे नाहीत.

५ मार्च
मागच्या अंगणात ऊनच येत नाही. मावशी बाजारात गेल्यावर पांढरी चादर हळूच त्या खिडकीत टाकली. चारला खाली ट्रकचे ब्रेक करकरले, एकामागून एक. वाकून पाहिलं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. परत आलेल्या मावशी चादर पाहून दारातच बसल्या आणि रडत रडत बोलल्या. वाट मोकळी असली की या खिडकीत पांढरी चादर दिसेल, असं सैनिकांशी ठरलं होतं. एक टोक वडिलांनी धरलं, दुसरं सात वर्षांच्या मावशींनी. चादर बघून ट्रक वळणावर गेले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर गोळ्या सुटल्या. मला आजवर कुणी विचारलं नाही, म्हणाल्या, तू तरी लिही. मी शब्द दिला.

७ मार्च
ऑफिसात साहेबांना मावशींचं सगळं सांगितलं. ते हसले. चादर-बिदर काही नव्हती असं लिही, नाहीतर खुर्ची खाली कर, म्हणाले. सहा महिने घरी माशा मारल्यात मी. लिहिलं: ‘खिडकीत कोणतीही चादर नव्हती.’ संध्याकाळी मावशींनी विचारलं, लिहिलंस ना रे? मी हो म्हणालो. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ मार्च
चादर घडी करून पेटीत ठेवली होती. चारला ती खिडकीत होती. मावशी घरी नव्हत्या. खाली ब्रेक करकरले.

९ मार्च
आता माणसंही दिसतात. धुळीनं माखलेली, माना वर करून चादरीकडे बघणारी. चेहऱ्यावर राग नाही, नुसता विश्वास. तोच बघवत नाही. चादर टराटरा फाडली.

१० मार्च
अख्खी आहे. खिडकीत. ते वाक्य खोडायला धावलो — साहेब म्हणाले, अहवाल सकाळीच गेला —

१० मार्च, चार वाजता
उजव्या हातात चादरीचं टोक. सुटत नाही. डाव्यानं लिहितोय. दुसरं टोक एका लहान मुलीनं धरलंय — डोळे मावशींचे — समोरच्या छपरांवर बंदुका — खालून एकजण अदबीनं विचारतोय, भाऊ, वाट मोकळी आहे ना? — मी जीव तोडून ओरडतोय, जाऊ नका, जाऊ नका — तोंडातून निघतंय, हो, मोकळी आहे — पहिला ट्रक हलला — ड्रायव्हर हसला, मला हात केला, म्हणाला, उपकार झाले तुमचे, आता घरी —