भाजी आणायला

प्रिय फर्गल,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. त्यात एकच प्रश्न, तोही खाली रेघ मारून: चुगली कुणी केली? आणि उत्तरही तूच लिहून मोकळा झालायस, खालच्या मजल्यावरची तान मावशी. मीही दोन वर्षं तेच धरून चालले होते. तुझी नोकरी गेली, व्हिसा गेला, दहा दिवसांत तुला नानचोंगच काय, चीनच सोडावं लागलं. स्टेशनवर मी तुला शब्द दिला होता, शोधून काढीन. मग तुझ्याच खोलीत राहायला आले आणि तेव्हापासून त्या बाईवर माझा डोळा आहे.

दारात बांबूच्या खुर्चीवर शेंगा सोलत बसलेली, हाताशी चहाची बाटली आणि येण्याजाण्याच्या नोंदींची ती वही. मी जिना उतरले रे उतरले की, "बाई, कुठे निघालात?" रोज! हिला काय करायचंय, असं मनात यायचं. मग मी कधी पोस्ट सांगायचे, कधी वाचनालय, आणि शनिवारी भाजी. शनिवारी खरं तर मी नूडल्सच्या दुकानातल्या लेई आजींकडे जाते. कॅनडातल्या नातीशी बोलण्यापुरतं इंग्रजी तू त्यांना शिकवत होतास ना, ते अर्धवट राहिलं, म्हणून मी हाती घेतलं. फुकट असलं तरी कॉलेजबाहेर शिकवायला आपल्याला बंदी, हे तुला काय सांगायचं? त्यापायीच तर तुला घालवलं.

मार्चमधल्या एका शनिवारी धडा संपवून मागच्या खोलीतून बाहेर येते, तर समोर तान मावशी, वाडग्यात तोंड घालून बसलेली. माझ्या बगलेत मुलांचं चित्रांचं पुस्तक. "खाल्लं का, बाई?" एवढंच म्हणाली. आता हे वहीत चढणार. घरी येऊन मी सरळ बॅग भरायला घेतली. कॉलेजच्या कचेरीचं बोलावणं काही आलं नाही, तेव्हा तर संशय आणखीच वाढला. ही कशाची वाट बघतेय?

गेल्या मंगळवारी मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली आणि वही खिडकीतच राहिली. मी उचलली. लाज तेव्हा नाही वाटली, नंतर वाटली. कचेरीसाठी ती लिहिते हे खरंच आहे. तारीख, मजला, वेळ, सगळं. पण मार्चच्या त्या शनिवारपुढे लिहिलंय, "तिसरा मजला, परदेशी बाई. भाजी आणायला." खुर्चीखाली जुन्या वह्यांची चळत होती. त्यात तू आहेस, "उंच सर" म्हणून. तू तर तिला कधी उत्तरसुद्धा द्यायचा नाहीस. तरी दर शनिवारी, सव्वा वर्ष, "उंच सर. भाजी आणायला." एके ठिकाणी तर "कोबी आणला" असंही आहे. तू कधी कोबी आणलास रे?

मी संत्री घेऊन इस्पितळात गेले. वहीचं काही बोलले नाही. फक्त विचारलं, रोज कुठे निघाले म्हणून का विचारता? ती टाके धरून हसायला लागली. "अहो बाई, विचारायचं असतं म्हणून आम्ही विचारतो. 'जरा बाहेर' म्हणायचं आणि चालू पडायचं. तुम्ही परदेशी माणसं जबानीच देता की!"

हे ऐकून मला पहिल्यांदाच सगळं उमगलं, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. मला आधीपासून ठाऊक होतं, म्हणून तर मावशीवर एवढा डोळा ठेवला. तुला कचेरीत बोलावलं त्याच्या आदल्या शनिवारी फाटकापाशी लुओ साहेब भेटले होते, आपल्या परदेशी शिक्षकांच्या कचेरीतले. सायकलवर बसूनच, जाता जाता, "फर्गल सर कुठे निघाले?" म्हणाले. मी नवी होते, चार चिनी वाक्यं बोलता येतात याचा तोरा होता. नीट जुळवून सगळं सांगितलं. नूडल्सचं दुकान, लेई आजी, दर शनिवारी इंग्रजी. एकाही शब्दाचा सूर चुकला नाही माझा. तेव्हा ते सायकलवरून उतरले, "छान बोलता हो," म्हणाले, आणि आजींचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मीही पुन्हा सांगितलं. चुगली मी केली, फर्गल. मावशीला शिव्या दिल्या असशील त्या परत घे, आणि माझ्या वाट्याच्या मला लिहून पाठव.

तुला अजून चालत असेल तर, तुझीच
ऊना