ठकूबाईच्या डाळीतली आकाशगंगा

साजगाव,
सोमवार

चि. दीक्षा हिला कमळाकर काकाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तब्येत कशी आहे? पुण्यात वेळेवर जेवतेस ना? आम्ही ठीक. फक्त कालपासून घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. (घरात आम्ही दोघंच, म्हणजे तुझी ठकूबाई काकीच.)

तू पीएचडी झालीस म्हणून काल विहारात सत्कार आणि जेवण ठेवलं. सत्कारमूर्तीचाच पत्ता नाही, कारण पुढच्या महिन्यात तुझं परदेशाचं विमान आणि त्याआधी कामाचा डोंगर. मग तू काय शोधलंस ते सांगायचं माझ्या गळ्यात पडलं. फोनवर तू समजावलेलं मी घट्ट धरून ठेवलं होतं: चक्रासारख्या आकाशगंगेत मधे जड द्रव्यं जास्त, काठाला कमी, पण काहींच्या मधोमध ताऱ्यांचा आडवा दांडा असतो, तो फिरताना वायू ढवळतो आणि मधला-काठाचा फरक कमी होतो. इथपर्यंत बरोबर ना गं? पुढे तू म्हणालीस, तुमच्यात या सगळ्या जड द्रव्यांना, अगदी ऑक्सिजनलासुद्धा, धातू म्हणतात. तिथे माझं डोकंच बंद पडलं. अख्खी नोकरी रसायनीच्या कारखान्यात ढवळणीच्या टाकीवर काढली मी. तिथे असं बोललो असतो तर साहेबांनी गेटाबाहेर काढलं असतं.

म्हटलं, भाषणापेक्षा प्रात्यक्षिक बरं. काकीचा डाळीचा मोठा टोप उतरवलेला होता, मीठ तेवढं घालायचं राहिलं होतं. मी सगळं मीठ बरोबर मधोमध ओतलं, आडवी फळी बुडवली आणि फिरवायला लागलो. आता तूच सांगितलं होतंस की दांड्याला फार फार वर्षं लागतात, म्हणून मीही घाई केली नाही. पण पंगत थांबते होय! मधली डाळ मिळाली ते पाणी मागतायत, काठाची मिळाली ते मीठ मागतायत, आणि मी माईकवर ओरडतोय, हाच तो फरक, हाच! (टाळ्या एकट्या शेजारच्या मालोजीने वाजवल्या. त्याला अजून डाळ वाढली नव्हती.) काकी एवढंच म्हणाली, "पोरगी वर बघती, तुमी माज्या टोपात कशाला बघता?" तेव्हापासून अबोला. आणि दांडा फिरवूनही फरक राहिला तो राहिलाच. तुझा शोध चुकला की माझी फळी, हे मला अजून कळलेलं नाही.

तुझा गोंधळलेला
कमळाकर काका

ता. क. तू आली नाहीस याचं आम्हाला काही वाटलं नाही. काम आधी.

ता. क. मंडळी सत्कार परत ठेवणार म्हणतात. तारीख तू सांगायची, मी टोपापासून लांब बसायचं, असं ठरलंय.

ता. क. पाकीट चिकटवताना काकी बोलली गं! दांडा काही ताऱ्यांनाही मधून काठाला ढकलतो, असं मी माईकवर बोललो होतो, ते तिने धरून ठेवलंय. विचारते, गेलेले तारे माघारी येतात का? मी बिनधास्त "येतात" म्हणून बसलोय. तसं नसेल तर विमानात बसायच्या आधी घरी येऊन तूच सांग तिला. माझ्याच्याने नाही व्हायचं.