एक लाख तीन

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडले तर लोक हसतील. हसू देत. एक लाख तीन हा आकडा माझ्या डोक्यात तुम्ही घातलात, आणि तो अजून निघत नाही.

चौथी झाली नि मी पाचवीसाठी हट्ट धरला. एसटीनं मुरबाडला जायला लागणार होतं. तुम्ही शेतात भाताच्या रोपांची जागा भाजायला, राबासाठी, पालापाचोळा पसरत होता. मान वर न करता म्हणालात, "एक लाख तीनला पुरा भाग जाईल असा आकडा शोध. एक नको, नि तोच आकडा नको. सापडला का दुसऱ्या दिवशी नाव घालतो तुझं." मला वाटलं, एवढंच? सातानं भागला, एक उरला. म्हटलं, बाबा, एक कमी करा की. "आकडा माझा हाय. तो नाय बदलायचा." अंगणात काडीनं रेघा ओढून भागते आहे, गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं भागते आहे. हिवाळ्यात आई खेकसली, "गो बये, खळं सारवलं ते भात झोडायला का तुझ्या भागाकाराला? दाणं अडकतात त्या रेघांत." तेविसानं भागला तर एकानं हुकला. तीनशे झाले, पाचशे झाले, हजाराच्या पुढं गेले. दर वेळी काहीतरी उरायचंच. माझ्याबरोबरच्या पोरी सहावीत गेल्या.

मग माझ्या हळदीला तुम्ही व्याह्यांना हसत सांगितलंत, "हिनं शाळेचा लई नाद लावलेला. मंग गुरुजींकडनं कशानंच न तुटणारा आकडा मागून आणला. दोन पावसाळं पोर गप." सगळा मांडव हसला. मी पाटावर हळद लावून बसलेली, उठून कुठं जाणार?

शहापूरला लेक शाळेत मूळ संख्या शिकली, तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, तीनशे सतराच्या पुढं गेलीसच कशाला? तीनशे सतराला तीनशे सतरानं गुणलं तर लाख ओलांडतात. दोन आकडे गुणून एक लाख तीन व्हायचे, तर त्यातला एक त्याच्या आतच सापडायला पायजे. नाय सापडला तर संपलं." संपलं. मला कोणी सांगितलंच नाही की संपलं.

सरळ नाही म्हणायचं होतंत. चार दिवस रडले असते. पण तुम्हाला वाईट व्हायचं नव्हतं, म्हणून माझी शाळा माझ्याच डोक्यामुळं बुडाली असं मी लग्नापर्यंत धरून चालले. हा राग मी कुणाला दाखवू? हा कागद चुलीतच जाणार.

आणि एक गोष्ट लेकीलाही सांगितलेली नाही. त्या भागाकारात मला मजा यायची. आई हाका मारायची नि मला ऐकू यायचं नाही. तुम्ही असतात तर हे तुम्हाला कधीच कळू दिलं नसतं. म्हणाला असतात, बघ, शाळेवाचून काय अडलं तुझं?