वडिलांची सही

३ जून

अर्ज परत! कारण काय, तर वडिलांची सही नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टच्या ऑफिसातली बाई म्हणते, "हयात आहेत ना? मग सही आणा." मी म्हटलं, घर सोडून गेलाय तो, धाकटी बहीण तेव्हा पहिलीत होती. आईने शिवणकाम करून आणि मी चष्म्याच्या दुकानात उभी राहून वाढवलंय तिला. तर बाई थंडपणे — "मृत्यूचा दाखला असेल तर सही लागत नाही."

म्हणजे मेला असता तर सोयीचं होतं!

धाकटीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. मान मोडून अभ्यास केलाय पोरीने. ते सगळं या माणसाच्या सहीपायी अडायचं?

५ जून

आई म्हणाली, त्याच्या दारात जाऊ नकोस. गेले. फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. गिऱ्हाईक समजून मलाच विचारतो, "काय बिघडलंय?"

काय बिघडलंय!

सही मागितली. हातातला पाना खाली ठेवला, नजर चुकवली. "ते लोक एका पालकाच्या एकाच मुलाला देतात. मी आमच्या मुलीच्या अर्जावर सही करून बसलोय."

आमच्या!

"कितवीत आहे ती?"

"बारावी झाली यंदा."

धाकटीच्याच वर्षाची. म्हणजे आमच्या घरात जेवत होता, झोपत होता, तेव्हाच — नाही, पुढे लिहवत नाही.

६ जून

आईला सांगितलं. तिने मशीन थांबवलंसुद्धा नाही. "माहीत होतं मला." एवढंच! इतकी वर्षं गिळून बसली. आज मला सगळ्यांचाच राग येतोय.

धाकटी म्हणे, "ताई, राहू दे ना. मी आधी नोकरी बघते, शिकेन पुढच्या वर्षी." इतकी ओरडले तिच्यावर, की शेजारीण डोकावली. राहू दे, राहू दे करतच आईचा जन्म गेला!

१० जून

ट्रस्टकडे तक्रार दिली. त्याने त्या दुसऱ्या मुलीच्या अर्जात 'एकुलती एक मुलगी' असं ठोकून दिलंय — ऑफिसातल्या त्याच बाईने सांगितलं. एरवी आम्ही त्याच्या खिजगणतीत नाही, आणि नियमापुरत्या मात्र त्याच्या लेकी!

बाई म्हणाली, "चौकशीत खोटं निघालं तर त्या मुलीची मंजुरी रद्द होईल, बरं का."

होऊ दे.

घरी आई म्हणाली, "त्या पोरीने काय गं केलंय तुझं?"

काही नाही. धाकटीने तरी कुणाचं काय केलं होतं?

१९ जून

धाकटीचं मंजूर! त्याच्या सहीशिवाय — तो घर सोडून गेल्याचं चौकशीत निघालं, मग आईची सही चालली. त्याच्या त्या मुलीची रद्द. धाकटी आईच्या गळ्यात पडून रडली. मी भांडी घासत राहिले, जरा जास्तच जोरात. राग अजून गेला नाही.

२१ जून

चष्म्याच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. मुलीचा आवाज. "माझीच मंजुरी रद्द झाली." भांडायला पदर खोचून तयार झाले. तर म्हणते, "मला बहिणी आहेत, हे बाबांनी कधी सांगितलंच नाही. तुम्हाला ताई म्हटलं तर चालेल?"

फोन आपटणारच होते. तोंडातून गेलं भलतंच — "तुझी फी कधीपर्यंत भरायचीय गं?"