खांद्यावरचा हात

जरीपटका, नागपूर
१८ मे २०२०

चि. सौ. गोपिका हिले मोठ्या बहिणीचा जय भीम आन् पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तं पहिले कोण आलं सांगू? शेजारची काजल. तोंडाले ओढणी गुंडाळून फाटकाबाहेरूनच विचारते, का आजी, तुम्ही फटफटीवरून आल्या म्हणते ते खरं हाय काय? तिच्यामागून तिची सासू, मंग समोरची म्हातारी. सारे दूर दूर उभे. मी म्हटलं, पाहून घ्या वं, अडुसष्ट वर्षांची नवरी!

झालं असं, का माहा प्रीतम तिकडे खापरखेड्याले वीज केंद्रात ड्युटीवर अडकला, अन् त्याची गाडी इथं घरी. माह्या बीपीच्या गोळ्या सरल्या. नातू म्हणे, आजी, तू मागं बस, डॉक्टरचा कागद हाती धर, तुले पाहून पोलीस सोडून देते. म्हंजे मीच प्रशिकचा पास! पोट्ट्याले अठरा पुरे झाले, पण लायसनचं हापिस बंद. गाडी आठ दिवसांत आपल्या आपणच शिकला. शिकाले काय लागते? रस्ता सारा रिकामा, कामठी रोडच्या मधोमध कुत्रे झोपून राहिले.

सिग्नलचे दिवे लागते, पण त्याच्याकडे पाह्यते कोण? भेव फक्त पोलिसाच्या दंड्याचं. वाऱ्यात माह्यं बोलणं त्याले आयकू जात नाही, त्याचं मले येत नाही, माह्ये कान तं तुले ठावूकच आहे, म्हणून तं फोन सोडून तुले पत्र लिहून राहिली. मंग आम्ही खूण केली. चौक आला का मी चारीकडे पाह्यते. पोलीस नसला तं खांद्यावर एकदा हात मारते, म्हंजे चल. असला तं दोनदा, म्हंजे थांब. एवढी मज्जा मले लग्नाच्या वरातीत नाही आली.

अन् हासू आवरत नाही अशी एक गोष्ट. पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात एक म्हातारा, पांढरी टोपी, काळी छत्री काठीवानी टेकत, रस्ता ओलांडाले उभा. चिटपाखरू नाही रस्त्यावर, अन् हा दिव्याकडे पाहून उभा! पायी माणूस! आमचा दिवा लाल झाला तवा कुठं त्यानं पाय खाली टाकला, तं आम्ही त्याच्यापुढून भर्रकन. त्यानं छत्री उचलून दाखोली. घर येईलोक हासलो आम्ही.

पत्र भाजीच्या गाडीवाल्याजवळ देऊन राहिली. जावईबापूले जय भीम सांगजो. माया पातळ होऊ देऊ नको.

तुही
तुळसाबाई


काटोल
२ जून २०२०

ती. ताईच्या पायाशी गोपिकाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ह्यांनी चष्मा लावून एकदा वाचलं अन् विचारलं, का दुसरी नापास बाई एवढं लिहिते कशी? मी सांगतलं, तोंड बंद ठेवता येत नाही तिले, मंग हात चालते.

आमचं बरं आहे. यंदा लिंबाचं लोणचं घातलं, बरणी तुझ्या नावाची वेगळी ठेवली. तू नवरी झाली हे सारं ठीक आहे ताई, पण रागावशीन तरी लिहिते. मले तुमच्यात तो छत्रीवाला म्हाताराच शहाणा वाटला. प्रशिक गाडी शिकला का पोलीस चुकवणं शिकला, हे जरा पाह्य. उद्या हा रोग जाईन, पोलीस आपल्या घरी जाईन, गाड्या परत रस्त्यावर येतीन. मंग त्या लेकराले भेव कशाचं राहीन?

हे म्हणते, तुझी बहीण दंडाची नाही, दंड्याची माणूस आहे. हासली असशीन तं उत्तर लिहिजो. तुझ्या हाताखाली वाढली मी, विसरू नको.

तुझी लहानी
गोपिका


जरीपटका, नागपूर
१४ नोव्हेंबर २०२१

चि. गोपिकाले बहिणीचा जय भीम अन् आशीर्वाद. वि. वि.

सवयीनं सौ. लिहाले गेली अन् हात थांबला. जावईबापू चंपतरावले जाऊन सात महिने झाले, तरी हाताले समजत नाही. मले मातीलेही येता नाही आलं. काय दिवस होते ते बाई, गल्लीत रोज एक रडणं.

आता रस्ते भरले. पण गोपिका, लोकं बदलले. सारे अजून तसेच चालोते, जसा रस्ता त्याईच्या एकट्याचाच. नाकातोंडाले कापड पक्कं, अन् डोकं उघडं. हेल्मेट कोपराले बांगडीवानी लटकते. हवेचं भेव लागलं, गाडीचं गेलं. काजलचा नवरा उलट्या बाजूनं आला अन् पाय मोडून घेतला, तरी म्हणते, लॉकडाऊनमध्ये तं इकडूनच जात होतो मी!

खुशीची गोष्ट ऐक. प्रशिकची खापरखेड्याले निवड झाली, बापाच्याच ठिकाणी. पोलिसाचा चांगल्या चालीचा दाखला लागला का ऑर्डर हाती. सूनबाई दीप्तीनं गल्लीभर पेढे वाटले. पहिले कोण आलं पेढे खाले? काजलची सासू, मधुमेहवाली!

लायसन निघालं त्याचं. मी अजूनही मागं बसते, अन् खूण अजूनही तीच. तू मागं लिहिलं होतं ते मले आठोते, पण माह्या हातावर पोट्ट्याचा एवढा भरोसा आहे, का मान वळवून पाह्यत नाही. मले तं बाई भारीच गोड वाटते.

लोणच्याची बरणी कोणाहाती पाठोजो. एकटी जेवत नको जाऊ, शेजारणीले बलावत जाय.

तुही
तुळसाबाई


काटोल
९ फेब्रुवारी २०२२

ती. ताईस गोपिकाचा जय भीम. वि. वि.

प्रीतमचा फोन आला होता. म्हणे, सत्तावीस जानेवारीले गाडीले अपघात झाला, प्रशिकचं खांद्याचं हाड मोडलं, आईले खरचटलं, अन् समोरचा म्हातारा माणूस गेला. म्हणे, आपला दिवा हिरवा होता, तोच मधात आला. आईनंही पोलिसाले तेच सांगतलं, म्हणे.

मी विचारलं, ताई कशी आहे? तं म्हणे, आई बोलत नाही. तू, अन् बोलत नाही? मले चार रात्री झोप नाही, ताई. तुझं पत्र नाही आलं तं मी पहिल्या एसटीनं येऊन जाईन. जे असंन ते लिहून टाक. मी कोणाले दाखवणार नाही.

तुझ्याच हातची वाढलेली
गोपिका


जरीपटका, नागपूर
२० फेब्रुवारी २०२२

चि. गोपिका, जय भीम.

दिवा लाल होता.

गोळ्या घेऊन घरी येऊन राहिलो होतो. तोच टाकीजवळचा चौक. मी चारीकडे पाह्यलं, पोलीस नव्हता. मी त्याच्या खांद्यावर हात मारला. एकदा. लेकरानं दिव्याकडे पाह्यलंच नाही, माह्या हातावर गाडी सोडली. मंग मले एवढंच दिसलं, का रस्त्यावर एक काळी छत्री पडून आहे. मी तिले लगेच ओळखलं.

पोलीस दवाखान्यात आले. प्रशिकनं सांगतलं हिरवा. मले विचारलं, मी मान हालोली. पोट्ट्यानं मले वाचवाले खोटं सांगतलं, अन् मी त्याले वाचवाले. हाताची गोष्ट आम्ही दोघं सोडून कोणालेच ठावूक नाही. आता तिसरी तू.

गुरवारी त्या आल्या. पहिले सोनिका आली, त्या गेलेल्या म्हाताऱ्याची, मारोतरावची पोरगी, अन् तिच्या हाताले धरून त्याची बायको शोभाताई. आम्हाले वाटलं, भांडाले आल्या. तं शोभाताई म्हणे, आम्ही भांडाले नाही आलो. आमचा माणूस गेला तो गेला, तुमच्या लेकराचं आयुष्य काहून बिघडवायचं? आमची तक्रार नाही, चूक आमच्याच माणसाची होती, असं लिहून देतो. म्हणे, कोरोनात ते तीन आठवडे दवाखान्यात होते, तवापासून ध्यानात राहत नव्हतं त्याईच्या, तसेच गेले असतीन मधात. सोनिकानं कागद लिहून आणला होता, तो वाचून दाखोला. प्रीतमनं हात जोडले. प्रशिक गळ्यात हात बांधून भुईकडे पाहत राहिला.

मंग शोभाताई म्हणे, तेराव्याले सारे हेच बोलले, का म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं. ते रेल्वेच्या फाटकावर तीस वर्षं होते, आजी. लाल म्हंजे लाल. लॉकडाऊनमध्येही उभे राहत, पोट्टे हासत त्याईले. मीही हासत होती. असा माणूस शेवटच्याच दिवशी कसा चुकला, हे मनातून जात नाही. अन् माह्याकडे वळून विचारलं, आजी, तुम्ही तं मागं होत्या. ह्यांनी खरंच वर पाह्यलं नाही काय?

गोपिका, मी कानाले हात लावला, का मले आयकू येत नाही. साऱ्या जिनगानीत बहिरेपण पहिल्यांदा कामी आलं. दीप्तीनं सांगून टाकलं, आईले कमी आयकू येते. ते बिचारी माह्या गुडघ्यावर हात ठेवून उठली. जाताना म्हणे, कागदावर सही करून आणतो. तिच्या सहीनं पोट्ट्याचा दाखला निघते. मी फक्त चूप बसाचं.

प्रीतम म्हणते, आई, त्या सही घेऊन येतीन त्या दिवशी तू काटोलले मावशीकडे जाऊन ये, तुले त्रास नको. बॅग काढून ठेवली त्यानं. मी येत नाही, गोपिका. त्या माणसानं रिकाम्या रस्त्यावरही दिवा पाळला, अन् त्याच्या नावानं तिच्या हातून खोटं लिहून घेऊ? मी तिले सांगणार आहे, का त्याईनं वर पाह्यलं होतं, ते बरोबर होते, लाल आमचा होता. हाताचंही सांगणार आहे. मंग प्रशिकची नोकरी जाईन, अजून काय काय होईन, मले ठावूक नाही. दीप्ती जिनगानीभर माह्याशी बोलणार नाही, हे मात्र ठावूक आहे.

काल प्रशिक अंगणात त्या मोडक्या गाडीजवळ बसला होता. मी त्याच्यामागं जाऊन उभी राहिली अन् बऱ्या खांद्यावर हात मारला. दोनदा. त्यानं मान वळोली नाही. मंग माह्या हातावर त्यानं आपला हात ठेवला, अन् तो हात गार पडला होता, बाई.

बॅग मी परत माळ्यावर टाकली. तू माह्यावर माया ठेवजो. इथं कोणी ठेवन का नाही, सांगता येत नाही.

तुही
तुळसाबाई

ता. क. त्या येत्या रविवारी, सत्तावीस तारखेले, सकाळी अकराले येतो म्हणून गेल्या.